पासष्टीला पहिला डिजिटल कॅमेरा : घ्यावा का, आणि कोणता?

शमी
नमस्कार मंडळी. निसर्ग विभागात अधूनमधून लिहिते, तंत्रज्ञान विभागात धागा काढायची ही पहिलीच वेळ.

मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. कोथरूडला राहते, सकाळी वेताळ टेकडीवर जाते. माझ्याकडे पेंटॅक्स के१००० आहे, धाकट्या दिरांनी मस्कतहून आणलेला, ५० मिमीच्या लेन्ससकट. त्याच्यावर मी वर्गात दाखवायला स्लाइड्स काढल्या, घरातली बारशी-मुंजीही काढल्या. कॅमेरा आजही ठणठणीत आहे. पण आमच्या भागातला रोल धुऊन देणारा स्टुडिओ बंद झाला. आता रोल गावात नेऊन द्यायचा, तो पुढे मुंबईला जाणार, मग वाट बघायची. रोल, धुलाई, स्कॅनिंग असा खर्च धरला की एकेका फुलाला हात आखडतो.

मोबाइल आहे. पण टेकडीवरच्या उन्हात त्याच्या पडद्यावर काही दिसत नाही, बारक्या फुलाऐवजी मागचं गवत स्पष्ट येतं आणि हिरवा रंग भलताच भडक होतो. अभ्यासासाठी फोटो काढायचा तर पानाचा रंग पानासारखाच यायला हवा.

खरी अडचण मात्र वेगळी आहे, ती स्पष्टच लिहिते. घरात नवं यंत्र आलं की ते मला कुणी शिकवत नाही. मुलगा, सून, भाचा, सगळी प्रेमळ माणसं आहेत. पण मी काही विचारलं की ती वस्तू माझ्या हातातून घेतात, चार ठिकाणी बोटं फिरवतात आणि "हं, झालं" म्हणून परत देतात. काय झालं ते मला कळतच नाही. पुढच्या वेळी पुन्हा विचारावं लागतं. के१०००च्या बाबतीत असं कधी झालं नाही. शटर, ॲपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं लहान-मोठं होणारं भोक), फोकस, तिन्ही माझ्या बोटांखाली होतं आणि का बदलायचं हे मला माहीत होतं. म्हणून आजवर डिजिटलला नकार देत आले.

आता घ्यावा असं वाटतंय. लाखाच्या आत बसावा, डोळ्याला लावून बघता यावं, खांद्याला झेपावा आणि नखाएवढ्या फुलाचा फोटो नीट यावा. सारखं मेनूत शिरायला लागू नये. असा कॅमेरा मिळतो का?

चिंगी
वाचतेय. आईसाठी हीच माहिती हवी होती.

अभियंता_नळस्टॉप
शमीताई, माझं मत थोडं कडू वाटेल. घेऊ नका. तुमच्या फोकसच्या आणि रंगाच्या तक्रारींवर मोबाइलमध्येच उपाय आहे. फुलावर बोट दाबून धरलंत की फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो, मग बोट खाली सरकवलं की फोटो गडद होतो. बऱ्याच नव्या फोनांत मॅक्रो असतं, दोन-तीन सेंटिमीटरवरून फोटो येतो. रंग भडक होतात ते बहुतेक फोनांत सेटिंगमधून कमी करता येतात.

जगभरात २०१० साली बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२०मध्ये तो आकडा नव्वद लाखांच्याही खाली आला. लोकांनी कॅमेरे सोडले ते उगाच नाही. जी वस्तू कायम खिशात आहे तीच शिकून घ्यावी.

रोलवाला
अभियंता, लोकांनी सोडले ते वाढदिवसाचे केक काढणारे छोटे कॅमेरे. गुडघ्यावर बसून फूल न्याहाळणाऱ्या माणसाचा प्रश्न निराळा आहे.

ताई, के१००० विकू नका, एवढी विनंती आधी. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं तो कॅमेरा बनत होता. संपूर्ण यांत्रिक, बॅटरी फक्त लाइट मीटरला. बॅटरी संपली तरी फोटो निघतो. कडक उन्हात ॲपर्चर एफ/१६ ठेवायचं आणि फिल्मचा जो आयएसओ (उजेडाला ती किती संवेदनशील तो आकडा) तोच शटरचा छेद धरायचा, म्हणजे १००च्या फिल्मला १/१२५. बस्स.

अवांतर : उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कृष्णधवल रोल कोणी वापरलाय का इथे? पूर्व जर्मनीचा ओर्वो? आम्ही न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून रोल धुवायचो, आणि घरात कुणाला अंघोळ करायची असली की दारावर थापा.

आजोबा_वनाज
रोलवाला, इंदू वापरलाय. ट्रेमधल्या पाण्यात कागदावर हळूहळू चेहरा उमटायचा तो क्षण डिजिटलमध्ये नाही. पण शमीताईंना रोलकडे परत वळवू नका, त्यांनी पुढे जायचं ठरवलंय.

शमी
अभियंता, सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. फोकस कुलूपबंद करायचं माहीत नव्हतं, आज टेकडीवर करून पाहिलं आणि जमलं. उन्हात पडदा न दिसण्याचा प्रश्न तसाच राहतो. दुसरं असं की, मोबाइल डोळ्यापासून हातभर लांब धरून जमिनीलगत वाकताना हात थरथरतो. कॅमेरा कपाळाला टेकला की स्थिर राहतो.

रोलवाला, के१००० कुठेही जाणार नाही.

नीलपंख
सुपरझूम घ्या! माझा निकॉन पी९५० आहे. २४ ते २००० मिमी, एकच लेन्स, बदलायची कटकट नाही, धूळ आत जायची भीती नाही. भिगवणचे रोहित पक्षी, कवडीपाटची बदकं, पाषाणच्या पाणकोंबड्या, सगळं त्याच्यावर. डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर आहे. फुलंही येतात.

सिंहगड व्हॅलीत मोठाल्या लेन्सा घेऊन बसलेले लोक आधी हसतात, मग फोटो बघायला मागतात.

पाषाणकर
नीलपंख, पक्ष्यांसाठी तुमचा कॅमेरा उत्तम, फोटो पाहिलेत तुमचे. पण शमीताईंना लांबचं नकोय, जवळचं हवंय. आणि पी९५०चं वजन किलोभर आहे.

ताई, जरा लांबण लावतो, पण तुमचा एसएलआरचा (लेन्समधलं दृश्य आरशातून डोळ्याला दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा) हात आहे म्हणून लिहितोय.

आधी सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसून चित्र टिपणारा भाग. तुमच्या फिल्मची चौकट ३६ गुणिले २४ मिमी. सुपरझूम कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६.२ गुणिले ४.६. मधल्या आकाराचा, ज्याला एपीएस-सी म्हणतात, तो साधारण २३.५ गुणिले १५.७, म्हणजे क्षेत्रफळ त्या छोट्याच्या तेरा पट. मोठा सेन्सर झाडाच्या सावलीत कमी दाणेदार चित्र देतो, आणि फूल स्पष्ट ठेवून मागचं गवत विरघळवायचं तर तोच उपयोगी पडतो. तुमच्या कामाला एपीएस-सी घ्यावा.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. ८ गुणिले १० इंचांचा चांगला प्रिंट काढायला सव्वासात मेगापिक्सेल पुरतात, आणि आताचे सगळे वीस-चोवीसचे आहेत.

दुसरं, आरसा असलेला डिजिटल कॅमेरा, म्हणजे डीएसएलआर, घेऊ नका, बिनआरशाचा मिररलेस घ्या. याचं कारण तुमची जुनी ५०ची लेन्स. पेंटॅक्स के माउंटमध्ये लेन्सची बैठक ते फिल्म हे अंतर ४५.४६ मिमी असतं. निकॉनच्या झेड मालिकेत ते फक्त १६ मिमी आहे. मधल्या साडेएकोणतीस मिलिमीटरमध्ये एक पोकळ अडॅप्टर बसतो. त्यात काच नाही, तारा नाहीत. म्हणजे तुमची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढते, ॲपर्चर लेन्सच्याच रिंगवर फिरवायचं, फोकस हातानेच करायचा. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवर अंतर ४६.५ असल्यामुळे हे असं सरळ जमत नाही.

तिसरं, व्ह्यूफाइंडर. निकॉनचा झेड३० आणि सोनीचा झेडव्ही-ई१० स्वस्त आहेत, पण दोघांनाही व्ह्यूफाइंडर नाही. ते बाद. कॅननचा आर५० हलका आहे, सुमारे पावणेचारशे ग्रॅम, व्ह्यूफाइंडरही आहे, पण फिरवायचं चाक एकच. म्हणजे शटर आणि ॲपर्चर दोन्ही बदलायचे तर मधे एक बटण दाबावं लागतं.

तुमचं सगळं वर्णन वाचून मला एकच कॅमेरा आठवत होता, निकॉन झेड एफसी. २०२१ सालचा आहे. वर शटरची गोल तबकडी, आयएसओची तबकडी, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) कमी-जास्त करायची अधिक-उणेची तबकडी, सगळ्यांवर आकडे कोरलेले. बंद कॅमेरा हातात घेतला तरी शटर कितीवर आहे ते दिसतं. रूप त्यांच्याच जुन्या एफएम२ सारखं. फुजीची एक्स-टी मालिकाही याच पद्धतीची, आणि फुजीच्या अनेक लेन्सांवर ॲपर्चरची रिंगही असते. फक्त सोबत मिळणाऱ्या स्वस्त १५-४५ लेन्सवर ती नाही, हे लक्षात ठेवा.

शमी
पाषाणकर, पुन्हा पुन्हा वाचलं. माझी जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला लागते हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. दोन शंका. ५०ची लेन्स लहान सेन्सरवर ५०सारखीच दिसेल का? आणि व्ह्यूफाइंडरमध्ये आता काचेऐवजी छोटा पडदा असतो म्हणतात, तो डोळ्याला त्रास देतो का? मला लांबचा आणि जवळचा दोन्ही चष्मे आहेत.

पाषाणकर
दृश्य दीडपट अरुंद होईल, म्हणजे फिल्मवर ७५ची लेन्स लावल्यासारखं. फुलांना ते सोयीचंच.

पडद्याचं म्हणाल तर फायदा आहे. तुमच्या के१०००वर एफ/११ केलं की प्रत्यक्ष फोटोत किती खोलीपर्यंत स्पष्ट येईल ते आत दिसत नव्हतं. इथे जुन्या लेन्सवर जे ॲपर्चर असेल त्याचंच चित्र दिसतं, आणि अंधार झाला तर कॅमेरा पडदा उजळ करतो. फोकस जिथे बसला तिथल्या कडा रंगीत रेघेने दाखवायची सोय असते. चित्र मोठं करून परागकोशावर फोकस लावता येतो.

चष्म्याचं उत्तर तर फार सोपं आहे. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारीक चाक असतं, तुमच्या नंबराप्रमाणे ते फिरवायचं. एकदा लावलं की आतलं चित्र आणि आकडे, दोन्ही चष्म्याशिवाय स्पष्ट. मागच्या पडद्यावर वाचायला जवळचा चष्मा शोधावा लागतो, तो व्याप वाचतो. दुकानात गेलात की सगळ्यात आधी हे चाक फिरवून बघा. नंबर फार जास्त असेल तर ते पुरत नाही, मग चष्मा लावूनच बघावं लागेल.

केतकी७
शमीताई, तुम्ही जे हातातून काढून घेण्याबद्दल लिहिलंत ते वाचून मी थांबलेच. आमच्याकडे सासूबाईंच्या बाबतीत मी हे रोज बघते.

मी ज्येष्ठांना संगणक शिकवते. आमच्या वर्गात एक नियम आहे : शिकवणाऱ्याने वस्तूला हात लावायचा नाही. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं. वेळ लागतो, शिकवणाऱ्याचा जीव वरखाली होतो, पण बोटांनी केलेलं बोटांना आठवतं. भाच्याला हे सांगा. खरं तर हा धागाच त्याला वाचायला द्या.

आणि पहिल्याच दिवशी त्याच्याकडून सगळं "सेट करून" घेऊ नका. खोका तुम्ही उघडा, तारीख-वेळ तुम्ही घाला, कार्ड तुम्ही बसवा. एका वहीत फक्त तुम्हाला लागणाऱ्या चार-पाच कृती तुमच्या शब्दांत लिहा. मेनूत शेकडो गोष्टी असतात, त्यातल्या बहुतेक व्हिडिओवाल्यांसाठी. त्या सोडून दिल्या तर काही बिघडत नाही.

चिंगी
केतकी, "शिकवणाऱ्याचा जीव वरखाली" अगदी बरोबर. आईला यूपीआय शिकवताना मी स्वतःच्या हातावर बसते.

मुठाकाठ
+१ केतकी.

आमच्या वडिलांना आम्ही भावंडांनी मिळून कॅमेरा दिला, त्यांच्या पंचाहत्तरीला. सगळ्यात महागाचा, दोन लेन्सांसकट. तो कपाटात पडला. त्यांनी मागितलाच नव्हता. पुढे त्यांनी स्वतः लक्ष्मी रोडला जाऊन एक छोटा घेतला, तो अजून गळ्यात असतो. पालखी पुण्यात मुक्कामाला आली की वारकऱ्यांचे फोटो काढतात आणि प्रिंट काढून पुढच्या वर्षी ज्याचा त्याला नेऊन देतात. सगळे सापडत नाहीत, पण दिंडीचा क्रमांक लिहून ठेवलेला असतो, म्हणून बरेच सापडतात.

रोलवाला
मुठाकाठ, यावर स्वतंत्र धागा काढा. वडिलांना नमस्कार सांगा.

तपकीर_गल्ली
घ्यायचं कुठे, हे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आयडीवरून ओळखलं असेल, बुधवार पेठेत दुकान आहे, पण कॅमेऱ्यांचं नाही, त्यामुळे माझा काही स्वार्थ नाही.

हातात घेतल्याशिवाय घेऊ नका. लक्ष्मी रोड, कॅम्प, दोन्हीकडे कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. सकाळी दुकान उघडल्यावर जा, शनिवार-रविवार टाळा, म्हणजे दुकानदाराला वेळ असतो. जाताना तुमची ५०ची लेन्स बरोबर न्या. अडॅप्टर असेल तर तिथेच लावून बघा.

बिल पक्कं घ्या. खोक्यावरचा क्रमांक आणि कॅमेऱ्यावरचा क्रमांक एकच आहे का ते ताडून बघा. वॉरंटी कार्ड भारतातलं आहे का ते विचारा. बाहेरून आणलेला माल पाच-दहा हजारांनी स्वस्त सांगतात, पण कंपनीची इथली वॉरंटी त्याला लागत नाही. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात स्वस्त मिळेल असंही कुणी सांगेल. तिथे माहितगार माणूस बरोबर असेल तरच जा.

जुना घ्यायचा विचार असेल तर शटर किती वेळा पडलंय तो आकडा बघा आणि लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून आत बुरशीचं जाळं दिसतं का बघा. मेमरी कार्ड मात्र रस्त्यावरून कधीही घेऊ नका, नकली फार येतात. ६४ जीबीचं एक चांगलं कार्ड पुरे.

बॅटरी एक जादा घ्या. मिररलेसची बॅटरी एका चार्जिंगमध्ये साधारण तीनशे फोटोंपर्यंत जाते. आरसेवाले कॅमेरे याबाबतीत पुढे होते.

अभियंता_नळस्टॉप
माझं मत कायम आहे, बहुतेकांना मोबाइल पुरतो. पण ज्या बाईंना एफ/११चा अर्थ माहीत आहे त्यांना मी आता आग्रह करणार नाही. :)

एक सूचना तेवढी. कॅमेऱ्यातून मोबाइलवर फोटो घ्यायचे ॲप सगळ्यांत जास्त वैताग देतं. त्याऐवजी दोनशे-तीनशेचा कार्ड रीडर घ्या. कार्ड काढायचं, संगणकाला लावायचं, संपलं.

आजोबा_वनाज
अवांतर, पण सांगावंसं वाटतं. पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकमध्येच झाला, १९७५ साली, स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने केला. ०.०१ मेगापिक्सेल, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. वजन साडेतीन किलोच्या वर. कंपनीला फिल्म विकायची होती, म्हणून त्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. २०१२च्या जानेवारीत त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मी आयुष्यभर कोडॅकचे पिवळे खोके विकत घेतले, बातमी वाचून फार वाईट वाटलं होतं.

केतकी७
आजोबा, छान माहिती. हे माझ्या वर्गात सांगणार.

सुगरण
उशिरा आले. बुरशीबद्दल कुणी लिहिलंय का? नसेल तर लिहिते, कारण पावसाळ्यात टेकडीवर फिरणाऱ्यांना हे हवंच.

लेन्सच्या आत बुरशी धरते, पांढरं कोळिष्टकासारखं जाळं. एकदा काचेवरचा थर खाल्ला की साफ करूनही डाग राहतो. पुण्याची हवा कोकणाइतकी दमट नाही, तरी जून ते सप्टेंबर जपावं. चामड्याच्या किंवा कापडी केसमध्ये लेन्स बंद करून ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मापक. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे असला की झालं. निळं जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर गरम केलं की पुन्हा निळं होतं, फक्त ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. तांदळात ठेवू नका, भुकटी आत जाते. आणि मुख्य म्हणजे कॅमेरा वापरत राहा. उजेड-वारा लागणाऱ्या लेन्सला सहसा बुरशी धरत नाही.

आता मूळ प्रश्न. ताई, तुमच्यासारख्या अभ्यासकाला डिजिटलचा खरा लाभ फोटोच्या पोटात असतो. प्रत्येक फोटोबरोबर तारीख, वेळ, शटर, ॲपर्चर सगळं आपोआप नोंदलं जातं. दीपकाडी यंदा टेकडीवर कधी फुलली, मागच्या वर्षी कधी, कंदीलपुष्प कुठल्या आठवड्यात दिसलं, हे फोटोंवरूनच काढता येतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंत तर ती नोंद दुसऱ्या अभ्यासकांनाही मिळते. तुम्ही ओळखलेली झाडं आणि आमच्यासारख्या हौशी लोकांनी ओळखलेली झाडं यात फरक आहे, म्हणून तुम्ही हे करावंच असं मला मनापासून वाटतं.

शमी
सुगरण, वहीत मी फुलण्याच्या तारखा पूर्वीपासून लिहिते. सोनकी, तेरडा, काटेसावर, पांगारा, सगळ्यांच्या. त्या वहीला फोटोंची जोड मिळेल हे डोक्यातच आलं नव्हतं. आता घ्यायचाच.

नीलपंख
आणि शमीताई, पक्षी दिसला तर मला बोलवा.

शमी
मंडळी, जाऊन आले.

तपकीर गल्लींनी सांगितलं तसं आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी, लेन्स घेऊन गेले. भाचा बरोबर होता, त्याला हा धागा वाचायला दिला होता, तो खरोखर हात मागे बांधून उभा राहिला.

दुकानातल्या मुलाने तीन कॅमेरे समोर ठेवले. कॅननचा आर५० फार हलका आणि हाताला छान बसला, पण बदल करायचे म्हटल्यावर मला पडद्यावर बोट लावावं लागत होतं. फुजी आवडला. झेड एफसी हातात घेतला आणि डोळ्याला लावण्याआधीच शटर १/१२५वर ठेवलं, कारण तो आकडा तिथे लिहिलेला होता. कुणाला काही विचारावं लागलं नाही. चाक फिरवल्यावर चष्म्याशिवाय सगळं स्पष्ट दिसलं. ॲपर्चरचा आकडा वर एका बारीक खिडकीत दिसतो, हे पाषाणकरांनी लिहिलं नव्हतं, ते मलाच सापडलं.

दुकानात अडॅप्टर होता. माझी लेन्स लावली, रस्त्यापलीकडच्या फुलवाल्याकडच्या शेवंतीवर फोकस केला. पाकळ्यांच्या कडांवर लाल रेघा आल्या आणि जिथे मी रिंग थांबवली तिथेच थांबल्या. घेतला. पकड थोडी निसरडी आहे, भाचा म्हणतो खाली लावायची पट्टी मिळते, ते नंतर बघू.

खोका घरी मी उघडला. तारीख मी घातली.

आता लगेच प्रश्न. पळस फुलला आहे. फोटो काढला तर पाकळ्या नुसता शेंदरी डाग दिसतात, त्यांच्यावरची लव आणि घड्या दिसत नाहीत. झाड मात्र नीट आलं आहे. काय करू?

पाषाणकर
ताई, अभिनंदन! खिडकीचं लिहायचं राहिलं होतं.

पळस, पांगारा, गुलमोहर या सगळ्यांचं हेच होतं. सेन्सर लाल, हिरवा, निळा असे तीन भाग मोजतो. शेंदरी पाकळीत लाल इतका जास्त असतो की तो भाग काठोकाठ भरून सपाट होतो, आणि एकूण फोटो मात्र नीट उजेडाचा दिसतो. वरची तिसरी तबकडी, अधिक-उणेची, ती उणे दोन तृतीयांश किंवा उणे एकवर ठेवा. फोटो पाहताना रंगांचे तीन वेगळे आलेख दाखवायची सोय आहे, त्यातला लाल उजव्या भिंतीला चिकटला नाही म्हणजे जमलं. पाकळ्यांत तपशील असला की बाकीचं झाड नंतर संगणकावर उजळवता येतं, आणि त्यासाठी फोटो रॉमध्ये (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या स्वरूपात) काढा. ढगाळ सकाळी किंवा फुलावर सावली असताना काढलात तर लव अजून छान दिसेल. शिवाय रंगाचं पिक्चर कंट्रोल "व्हिव्हिड" असेल तर "न्यूट्रल" करा. यासाठी मेनूत एकदाच जावं लागेल.

शमी
उद्या करून बघते. रंग न्यूट्रल केला, तेवढ्यानेच घड्या दिसायला लागल्या.

अजून एक. माझ्याकडे वर्गात दाखवायच्या स्लाइड्सचे डबे आहेत, सह्याद्रीतल्या वनस्पतींचे. काही जागांवर आता इमारती आहेत. या कॅमेऱ्याने त्यांची नक्कल करता येईल का, की स्टुडिओतच द्यायला हव्यात?

रोलवाला
ताई, घरीच करा! स्टुडिओत एकेका स्लाइडचे पैसे घेतात आणि डबा परत मिळेपर्यंत जीव टांगणीला.

तुमच्या ५०च्या लेन्समागे के माउंटची २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (बिनकाचेची पोकळ नळी) लावा, मग अडॅप्टर. ट्यूबमुळे सेन्सरवर वस्तूच्या निम्म्या आकाराची प्रतिमा मिळते, त्यात लेन्स स्वतः जवळात जवळ नेली की आणखी थोडी भर पडते, साधारण ०.६५पर्यंत. ३६ मिमीची स्लाइड २३.५ मिमीच्या सेन्सरवर भरायला नेमकी एवढीच लागते. तीच ट्यूब टेकडीवर नखाएवढ्या फुलांनाही कामी येईल.

स्लाइडच्या मागे उजेड हवा. टॅबवर पांढरा पडदा लावा, पण स्लाइड त्याच्यापासून चार-पाच बोटं वर धरा, नाहीतर पडद्याचे ठिपके चित्रात येतात. कॅमेरा तिवईवर, तोंड खाली, एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, खोलीतले दिवे बंद. फुंकणीने धूळ उडवा, कापडाने पुसू नका. डब्यावर जे जे लिहिलंय, जागा, साल, नाव, त्याचाही आधी एक फोटो काढा, म्हणजे क्रम चुकत नाही.

सुगरण
आणि नक्कल झाली की दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक घरात, एक भाच्याकडे. मूळ स्लाइड्स टाकू नका.

ताई, त्यातल्या वेताळ टेकडीच्या स्लाइड्स असतील तर त्या आधी करा ना. मी सध्याचे फोटो काढते आहे, जागा जुळवून बघता येईल. रविवारी सकाळी टेकडीवर आहात का?

शमी
आहे. साडेसहाला एआरएआयच्या बाजूने चढते. टेकडीचा एक पूर्ण डबा आहे, तोच आधी घेते.